समस्या निवारण: काचेच्या जुन्या फुलदाणीचा दिवा पुन्हा पुन्हा सैल का होतो?

फुलदाणीला होल्डर आणि शेड बसवून केलेला दिवा नट आवळला की सरळ उभा राहतो. काही आठवडे जातात आणि शेड पुन्हा एका बाजूला झुकते, होल्डरखालची पितळी टोपी बोटाने फिरू लागते. पुन्हा आवळा, पुन्हा तेच. स्वीडन-डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना जुन्या बाजारातून काच गोळा करायचा नाद लागला आहे, त्यांच्याकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. त्यावर बहुतेक जण करतात तो उपाय, म्हणजे पाना घेऊन आणखी जोरात आवळणे, या काचेला घातक आहे. सैलपणा तात्पुरता जातो, पण ताण काचेत उतरतो आणि एखाद्या थंड सकाळी भोकाच्या कडेपासून तडा वर चढलेला दिसतो.

काच दाब भरपूर सोसते, ओढ मात्र सोसत नाही. फुलदाणीच्या बुडाशी पाडलेल्या भोकाची कड बारीक ओरखड्यांनी भरलेली असते आणि नट आवळला की नेमकी तीच कड ओढली जाते. म्हणून या दिव्यात काचेने फक्त उभे राहायचे, बाकीचे भाग एकमेकांना धरतील अशी जुळणी करायची. खालचे सगळे उपाय याच हिशेबाने दिले आहेत.

आधी सैल काय आहे ते शोधा

प्लग काढा. बल्ब गार झाल्यावर शेड आणि बल्ब उतरवा. दिवा सपाट टेबलावर ठेवा. टेबल सपाट आहे की नाही हे पाणसळ ठेवून बघा, डोळ्यांवर विसंबू नका. मग दिव्यामागे एक ओळंबा टांगा. दोऱ्याला वजन बांधले तरी चालते. आता आधी फक्त काच बघा. तोंडाने फुंकून घडवलेल्या फुलदाणीची बैठक नंतर हाताने घासलेली असते, त्यामुळे मुळातच एका अंगाला किंचित कललेली काच मिळणे अगदी नेहमीचे आहे. तसे असेल तर नट कितीही आवळून दिवा सरळ होणार नाही. बैठकीखाली पातळ फेल्ट लावून ती बाजू उचलायची, एवढाच त्यावर उपाय.

काच सरळ आणि वरचा भाग तिरका असेल तर एका हाताने काच धरा, दुसऱ्या हाताने होल्डर हलकेच फिरवा. इथे तीन सांधे असतात: शेडची कडी होल्डरवर, होल्डर नळीवर आणि टोपी काचेवर. होल्डर फिरतो पण टोपी स्थिर राहते, असे दिसले तर काचेला हातही लावायचे कारण नाही. बहुतेक युरोपीय ई २७ होल्डरच्या (२७ मिलिमीटर व्यासाच्या आट्याचा बल्ब घेणाऱ्या) बुडाशी बाजूला एक छोटा स्क्रू असतो किंवा प्लास्टिकची खुंटी असते, ती नळीला धरून ठेवते. ती निसटली असेल तर बसवा आणि तिथेच थांबा. टोपीसकट सगळे फिरत असेल तर पुढे वाचा.

नळी आरपार गेलेली असेल तर

फुलदाणीचे रूपांतर केलेल्या दिव्यांत हा प्रकार सर्वात जास्त दिसतो. बुडाला हिऱ्याच्या ड्रिलने भोक, त्यातून लोखंडी किंवा पितळी आट्याची नळी, वर टोपी, खाली वॉशर आणि नट. म्हणजे काच वरखाली दोन चकत्यांमध्ये चेपलेली. इथे सैलपणाची कारणे एकाहून जास्त असतात आणि ती बहुधा एकत्रच येतात.

पहिले कारण म्हणजे मधले रबर. जुन्या रूपांतरांत काळ्या रबराचा वॉशर घातलेला असतो. तारेचा ६० वॅटचा बल्ब घेतलेली बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. युरोपीय संघात हे बल्ब २०११ पासून बाजारातून हटवायला सुरुवात झाली, त्याआधी मात्र हे दिवे कित्येक वर्षे याच बल्बवर जळत होते. त्या उष्णतेत रबर कुकरच्या जुन्या रिंगसारखे कडक आणि चपटे होते. एकदा चेपलेला आकार ते सोडत नाही. नट तिथेच असतो, पण त्याच्याखालची जाडी कमी झालेली असते. असा वॉशर नखाने दाबून बघा. खूण उठत नसेल, कडेला भेगा दिसत असतील, तर तो काढून टाका आणि दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन रबराचा वॉशर घाला. वर एक, खाली एक. धातू काचेला कुठेही टेकता कामा नये. भोकातून जाणारी नळीसुद्धा भोकाच्या कडेला लागू नये, म्हणून तिथे सिलिकॉनची छोटी बाही चढवा.

दुसरे कारण नळीचे वाढणे. हे छोटे वाटते, पण हिशेब करून बघा. पितळ दर अंशाला साधारण लाखात १.९ भाग वाढते, साधी काच सुमारे ०.९ भाग. म्हणजे ३०० मिलिमीटरची पितळी नळी २० अंशांनी तापली तर साधारण ०.११ मिलिमीटर लांब होते. काच तितकी वाढत नाही, शिवाय होल्डरला जोडलेली असल्यामुळे नळी काचेपेक्षा जास्त तापते. नळीच्या आट्यांचे अंतर एक मिलिमीटर असते, तेव्हा ०.११ मिलिमीटर म्हणजे नटाचा जवळजवळ नववा हिस्सा फेरा. रोज रात्री दिवा लावला की पकड तेवढी ढिली होते, विझवला की पुन्हा घट्ट. या ये-जा करण्यात जुने रबर आणखी दबते आणि नट हळूहळू मागे सरकतो. हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू पडते: दिवा गरम असताना तुम्ही नट कचकचीत आवळलात, तर गार होताना आखडणारी नळी काचेला ओढते. म्हणून आवळायचे ते दिवा पूर्ण गार असतानाच. एलईडी बल्ब लावला की हा प्रश्न निम्म्याहून जास्त कमी होतो, कारण तितक्याच उजेडाला सात ते नऊ वॅट पुरतात.

तिसरे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: आटे जुळत नाहीत. युरोपात दिव्यांच्या नळीचे प्रमाण आट्याचे माप एम १० × १ आहे, म्हणजे बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. अमेरिकेत १/८ इंच नावाने ओळखली जाणारी नळी वापरतात. तिचा बाहेरचा व्यासही जवळपास १० मिलिमीटर भरतो, पण तिच्यावर इंचाला २७ आटे असतात, म्हणजे अंतर ०.९४ मिलिमीटर. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एका मापाचा नट दुसऱ्या मापाच्या नळीवर दोन-तीन फेरे बिनतक्रार चढतो आणि मग अडकतो. हाताला वाटते की घट्ट बसला. प्रत्यक्षात तो वॉशरवर टेकलेलाच नसतो, नाहीतर फक्त एका आट्यावर लटकत असतो. ऑनलाइन मागवलेल्या दिव्याच्या सुट्या भागांच्या संचात दोन्ही मापांचे भाग मिसळून आलेले मी पाहिले आहेत आणि वर्षानुवर्षे सैल होणाऱ्या दिव्यांच्या तळाशी हाच घोटाळा निघतो.

तपासणी सोपी आहे. नट काचेबाहेर, मोकळ्या नळीवर बोटांनी चढवा. तो निदान दहा फेरे कुठेही जोर न लावता जायला हवा. मध्येच जड झाला तर मापे वेगळी आहेत. पट्टी लावूनही मोजता येते: २० मिलिमीटर लांबीत २० आटे भरले तर मेट्रिक, २१ हून थोडे जास्त भरले तर इंची. नळी, नट, टोपी आणि होल्डर, चारही भाग एकाच मापाचे ठेवा. जे जुळत नाहीत ते तेल घालून किंवा पान्याने रेटून बसवू नका.

मग बसवायचे कसे

खालून वर जाऊ. बुडाच्या भोकात बाहीसकट नळी, आत-बाहेर सिलिकॉनचे वॉशर, बाहेर धातूची रुंद चकती आणि नट. वर मानेच्या कडेवर सिलिकॉनचा वॉशर, त्यावर टोपी, टोपीवर नट. आता नट फक्त बोटांनी फिरवा. वॉशर जरासा फुगला, टोपी सहज फिरेना झाली की थांबा. मग त्याच नटाच्या मागे दुसरा नट चढवा, पहिला नट पान्याने जागच्या जागी धरा आणि दुसरा त्याच्यावर आवळा. दोन नट एकमेकांना घट्ट धरतात, तो जोर नळीवरच राहतो, काचेत जात नाही. बोटांच्या ताकदीवर ठेवलेली पकड मग मागे सरकत नाही. नटाखाली लाटेसारखा वळवलेला एक स्प्रिंग वॉशर घातला तर नळीचे रोजचे वाढणे-आखडणे तो पचवतो. दोन नट आणि एक स्प्रिंग वॉशर, एवढ्या किरकोळ सामानात हा त्रास कायमचा मिटतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही टोपी डोलत असेल तर मानेची कड तपासा. फुंकलेल्या काचेची मान एकतर कापून घासलेली असते, नाहीतर आगीवर वितळवून गोल केलेली असते. दुसऱ्या प्रकारात कड लाटेसारखी वरखाली असते आणि तोंडही बऱ्याचदा नीट गोल नसते. अशा कडेवर धातूची सपाट टोपी दोन किंवा तीन ठिकाणीच टेकते. कडेवर पुसता येणाऱ्या मार्करची शाई लावा, टोपी हलकेच ठेवून उचला, टोपीवर शाई कुठे उठली ते बघा. दोनच ठिपके दिसले तर वॉशरची जाडी तीन मिलिमीटर करा आणि टोपीला आतून आधार द्या: मानेच्या आतल्या व्यासाहून दोन मिलिमीटर लहान अशी बुचाची किंवा लाकडाची चकती करा, तिच्या मधल्या भोकातून नळी न्या आणि कडेला फेल्ट चिकटवा. नळी मानेच्या बरोबर मध्यावर राहते आणि शेडचा भार कडेच्या दोन टोकांवर पडत नाही. काच घासून कड सपाट करण्याच्या फंदात मात्र पडू नका. आगीवर गोल केलेली कड ही त्या कारागिराच्या हातची असते, एकदा घासली की ती परत येत नाही.

बटण होल्डरमध्ये असेल तर

फिरवायचे किंवा ढकलायचे बटण होल्डरलाच असेल तर दिवा लावताना-विझवताना प्रत्येक वेळी टोपीला पीळ बसतो. अशा दिव्यात बाकी सगळे नीट असूनही सैलपणा येतो. बटण वायरवर घ्या. सोबत वायर बुडाखालून कशी बाहेर पडते तेही बघा. ती बैठकीखाली चिमटली जात असेल तर दिवा डुगडुगतो, आणि वायरचे आवरण कापले जाते ते वेगळेच. बैठकीखाली तीन-चार मिलिमीटरचे फेल्टचे पाय लावून वायरला वाट मोकळी करून द्या.

बुचावर बसवलेला दिवा

फुलदाणीला भोक न पाडता मानेत रबरी बूच घालून त्यावर होल्डर बसवण्याची पद्धतही आहे. इथे सैलपणाचे कारण जवळजवळ नेहमी बूचच असते. काचेची मान आत जाताना रुंदावत असेल तर बूच फक्त कडेच्या एका रेघेवर धरलेले असते. ते आत कोंबले की मान बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि काच हाच ताण सोसू शकत नाही. हातोडी किंवा तळहाताचा ठोका कधीही नको. मापाचे, मऊ, सिलिकॉनचे बूच घ्या. ते हाताने फिरवत आत जायला हवे आणि हातानेच बाहेर यायला हवे. शेड हलकी ठेवा. बुचाच्या दिव्यावर मोठी कापडी शेड घातली की ती कलणारच.

बुचाने तोंड बंद झालेल्या फुलदाणीत आणखी एक गोष्ट घडते: आतली ओल बाहेर पडत नाही. धुतल्यावर काच पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत धुकट थर धरतो. तो पाण्यातल्या क्षारांचा असेल तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने निघतो. कित्येक वर्षे ओल राहून काचेचा पृष्ठभागच खराब झाला असेल तर घासून काही होत नाही. वजनासाठी आत मोकळी वाळूही भरू नका. वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात आणि आतून ओरखडे पाडतात. वजन हवेच असेल तर ते कापडी पिशवीत बांधून ठेवा.

तडा दिसला तर

टॉर्च कडेने धरून भोकाभोवती आणि मानेभोवती बघा. तडा प्रकाशात चांदीच्या रेघेसारखा चमकतो, ओरखडा चमकत नाही. भोकापासून निघालेला तडा असेल तर ती फुलदाणी आरपार नळीच्या जुळणीतून कायमची बाद समजा. गोंद भरून तो दिसेनासा होतो, पण ताण घेण्याइतका जोडला जात नाही, आणि आत विजेची वायर असताना ही जोखीम घेऊ नये. त्या काचेला पुन्हा नुसती फुलदाणी म्हणून ठेवा, वाळलेल्या काड्यांसाठी.

इथे एक मत स्पष्टच मांडतो. चांगल्या, सही असलेल्या फुलदाणीला भोक पाडू नका. डेन्मार्कमधल्या फेन्समार्क गावी १८२५ मध्ये सुरू झालेला होल्मेगोर, स्वीडनच्या स्मोलांड जंगलात १७४२ पासून चालत आलेला कोस्टा, त्याच भागातला ऑरेफोर्स, फिनलंडचा रीहिमाकी, या कारखान्यांच्या काचेची ओळख बुडाशी असते. ऑरेफोर्सच्या कामांवर कोरलेली अक्षरे आणि आकडे तिथेच असतात, होल्मेगोरचे डिझायनर पेर ल्युटकेन यांच्या कामांवरच्या खुणाही तिथेच. ड्रिल नेमके त्याच जागी चालते. ऑटो ब्राउअरने १९६२ मध्ये ल्युटकेनच्या १९५८ च्या बाटलीवरून बेतलेली होल्मेगोरची उंच फुलदाणी दिव्यासाठी फार मोहात पाडते, कारण तिची मान अरुंद आणि आकार आधीच दिव्याचा. तिला भोक पाडल्यावर मात्र ती पुन्हा फुलदाणी होत नाही. भोक आधीच असेल तर अपराधी वाटून घेऊ नका, नीट जुळणी करा आणि दिवा म्हणूनच सांभाळा.

काही दिवे मुळात कारखान्यातच दिवा म्हणून घडवलेले असतात, हेही लक्षात घ्या. होल्मेगोरसाठी मिकाएल बांग यांनी दिवे घडवले, ऑरेफोर्ससाठी कार्ल फागरलुंड यांनी. अशा दिव्यांत काचेचा आकारच होल्डर आणि वायर ध्यानात घेऊन ठरवलेला असतो आणि भोकाची कड सहसा गुळगुळीत असते. घरी पाडलेल्या भोकाची कड धुरकट, खरखरीत लागते आणि तिथे बारीक टवके असतात. दिवा मूळचा असेल तर त्याचे धातूचे भाग फेकू नका, सैल झाले तरी तेच दुरुस्त करून वापरा.

विजेचे काम

जुन्या होल्डरवर स्वीडनचे एस, डेन्मार्कचे डी किंवा फिनलंडचे एफआय हे तपासणीचे चिन्ह दिसले तर ते त्या होल्डरपुरते असते. नंतर कोणी घरी केलेल्या जुळणीला ते लागू होत नाही. आरपार धातूची नळी, धातूची टोपी आणि दोनच तारांची वायर अशी जोडी असेल तर आतली एक तार सुटली की हाताला लागणाऱ्या सगळ्या टोपीत वीज उतरते. तीन तारांची वायर आणि टोपीला अर्थिंग, किंवा दुहेरी आवरणाची वायर आणि प्लास्टिकचा होल्डर, यांपैकी एक करायलाच हवे. युरोपातला दोन खुंट्यांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो, त्यामुळे होल्डरच्या आट्याच्या धातूपर्यंत वीज पोहोचू शकते. बल्ब बदलण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढा. यातले काही नवे वाटत असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्याला फक्त एक सांगा: काचेवरचे नट तो आवळणार नाही, ते तुम्ही बोटांनी लावाल.

दिवा पुण्याला किंवा कोकणातल्या घरी नेणार असाल तर व्होल्टेजची चिंता नाही, दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लग मात्र बदला. युरोपीय प्लगची चार मिलिमीटरची खुंटी आपल्याकडच्या सॉकेटमध्ये ढिली बसते, संपर्क तापतो आणि दिवा लुकलुकतो. त्याचा दोष पुन्हा होल्डरच्या सैलपणाला दिला जातो. तीन पिनांचा आपला प्लग लावून अर्थिंग जोडून घ्या. कोकणातल्या पावसाळी हवेत साध्या लोखंडी नळीला गंज चढतो आणि आतून काचेवर तपकिरी ओघळ येतात, म्हणून नेण्याआधी पितळी नळी घाला. सामानात दिवा उभा नेऊ नका. होल्डर, टोपी आणि नळी सोडवून काढा, काच वेगळी गुंडाळा, आणि घरी पोहोचल्यावर काच खोलीच्या तापमानाला आल्यावरच पुन्हा जुळवा.